एकास नऊ

३ जून
आलो बाबा एकदाच्या! खाली फोटो स्टुडिओ, मागे डार्करूम, वर आमची खोली. नोकरीबरोबर राहायची सोय, म्हणजे दुधात साखरच. ठकीने (माझी लेक, वय वर्षं सहा, तोंड सोळा वर्षांचं) जिना चारदा चढून-उतरून पाहिला आणि पसंत केला. मालक सत्तरीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी अट एकच घातली: फिल्म धुताना डेव्हलपर रसायनाचं एक माप, पाण्याची नऊ. त्याहून पातळ करायचं नाही. मी मान डोलावली. दहा वर्षं फिल्म धुतेय मी, आणि हे मला शिकवतायत!

९ जून
एकास नऊ म्हणजे निव्वळ हट्ट. एवढ्या कडक द्रावणात चेहरे उजळतात, पण सावलीतलं काही म्हणजे काही उमटत नाही. पाणी वाढवा, वेळ वाढवा, हे कुणीही सांगेल. मालक जेवायला गेल्यावर एकास एकोणीस केलं, चौदा मिनिटं दिली. रोल ठकीचाच, खिडकीपाशी काढलेला. केसांची बट न् बट आली. फक्त तिच्या मागे, कपाटाच्या सावलीत, जिथे निगेटिव्ह कोरी हवी (निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, सावली कोरी) तिथे एक काळपट डाग. फिल्म धुवायच्या टाकीत उजेड शिरला असणार. नसती कटकट.

१२ जून
डोकं फिरायची पाळी आलीय. टाकी घासली, झाकणाचं रबर बदललं, पाणी उकळून गार केलं. ठकीला परत खिडकीपाशी बसवलं. ती वैतागली, मीही वैतागले. या खेपेला एकास पन्नास, पाऊण तास. आता माझाही हट्टच म्हणा. तो डाग नाहीये. बाई आहे. सहा फोटोंत सहा पावलं पुढे आलेली. आणि ठकी फिकी उतरलीय. एकाच फिल्मवर, एकाच द्रावणात मागचं गडद आणि पुढचं फिकं? हे कुठल्या शास्त्रात बसतं?

१५ जून
शाळेत भांडून आले. तीन दिवस ठकीची गैरहजेरी मांडलीय. मी रोज हात धरून फाटकापाशी सोडते तिला! वर्गशिक्षिका म्हणाल्या, बाक रिकामाच असतो. ठकीला पुढे केलं तर दचकल्या, म्हणाल्या, अगं बाई, ही कधी आली? चष्मा बदला, म्हटलं. येताना ठकी सांगत होती की तिने त्यांना चारदा हाक मारली होती. तिचं बोलणं मला नीट ऐकू येईना. रहदारी फार होती.

१७ जून
मालकांना निगेटिव्ह दाखवल्या, लपूनछपून काय केलं तेही सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी निगेटिव्ह पालथ्या घातल्या. म्हणाले, सावलीतलं सावलीत राहू द्यायचं असतं. बाहेर काढलं की ते फोटोत पुढे बसलेल्या माणसातून आपली भर करून घेतं. त्यांनीही एकदा पातळ द्रावण वापरलं होतं. रोल धाकट्या भावाचा होता. भाऊ कधी गेला, विचारलं. गेला नाही, म्हणाले, आणि रडायला लागले. मला कीव आली नाही, संताप आला. अट घालताना कारण सांगायला काय जीभ झडली होती?

१८ जून
ठकीचे नवे फोटो काढले. द्रावण कडक करत जाते. ती परत गडद येईल. यायलाच हवी.
एकास नऊ. बाई गडद.
एकास चार. बाई आणखी गडद.
पाणीच घातलं नाही. ठकीच्या जागी नुसता फ्रॉक—
सगळ्या निगेटिव्ह जाळल्या. त्याने काय होणार, कपाळ!

१९ जून
वेणी घालताना केस हाताला लागेनात. वजनाच्या काट्यावर उभी केली. काटा हलला नाही. उचलून आपटला मेल्याला. ती हसली. म्हणाली, आई, तू अशी का बघतेस, मी तर— पुढचं ऐकू आलं नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

२० जून
पलंगाखाली नाही. जिन्यात नाही. हाका मारून घसा बसला. ती बाई खिडकीपाशी उभी आहे, भरदिवसा, चांगली ठसठशीत. तिच्याकडे बघणार नाही मी. लिहीत राहीन. ठकी, कुठे आहेस ग—
आवाज आला. बारीक. अगदी वहीजवळून. म्हणते, इथेच तर आहे, कधीची बसलेय तुझ्या मांडी—