धीराचे अकरा मुद्दे

१० जून १९६३, सोमवार
प्रतिमाचे नाव देऊळगाव राजाच्या हायस्कुलात घातले. आठवी. माझ्या शाळेत सातवीपुढे वर्ग नाही आणि सातवीपर्यंत तिला मीच शिकवले. राहणार आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे. एस.टी.ने पाऊण तास.
पोर घाबरली आहे. बोलत नाही, पण ट्रंक भरताना गुणगुणते. भीती लपवण्याची ही जुनी रीत. तिची आई जाऊन चार वर्षे झाली. धीर देणारा मी एकटाच.
संकल्प: निघण्यापूर्वी धीराचे भाषण. मुद्दे अकरा. दहा सुचले. अकरावा सुचत नाही, पण दहावर थांबणे मला भाषणात कधी जमलेले नाही.

१२ जून
गोठ्यात तालीम केली. गाईने शेवटपर्यंत ऐकले. मग प्रतिमाला हाक मारली, तर ती शेजारी वच्छलाबाईंकडे निरोप घ्यायला गेलेली. तासाभराने हसत आली. इतके हसू म्हणजे आत काहीतरी आहे.

१६ जून, रविवार
फाट्यावर भाषण सुरू केले. "मुद्दा पहिला, पहिले चार दिवस जड जातात," इथवर आलो आणि गाडी वेळेवर आली. या रस्त्यावर गाडी वेळेवर कधी येत नाही. खिडकीतून म्हणाली, "नाना, तुमी येळेवर जेवसान ना?"
विषय बदलला. म्हणजे घाबरलीच आहे.
गाडी गेल्यावर अर्धा तास फाट्यावर थांबलो. पुढची गाडी केव्हा येते ते पाहायचे होते.

१७ जून, सकाळी
चहा दोघांचा झाला. सवयीचा दोष नव्हे, पातेलेच मोठे आहे. उरलेला वच्छलाबाईंना दिला. साखर कमी आहे म्हणाल्या.

२० जून
मार्ग सापडला. परगावी शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून सकाळच्या गाडीने जातात, संध्याकाळच्या गाडीने रिकामे परत येतात. कंडक्टर शेषराव भला माणूस आहे. भाकरी, पिठले, ठेचा. आणि भाकरीखाली कागदावर मुद्दा दुसरा. रोज एक मुद्दा. नऊ दिवसांत पोर निर्भय.
भाकरी घरात प्रतिमाच करायची. आज मी केली. गोल झाली नाही. माझी भूमिती पक्की आहे. पीठच जाड दळले होते.

२२ जून
शेषरावकडे चौकशी केली. प्रतिमा स्टँडवर डबा घ्यायला येते ती तीन मैत्रिणींसोबत. खो-खोत नाव दिले आहे. वर म्हणतो, "मास्तर, पोरगी मजेत हाये. तुमीच काऊन वाळून राह्यले?"
त्याला मुलांच्या मनाचे शास्त्र थोडक्यात समजावले. त्याने घंटी मारली.

२५ जून
आक्काचा निरोप आला. शेषरावने तो फाट्यावर चार माणसांसमोर सांगितला, आणि तिच्याच आवाजात सांगितला. "भाऊरावले सांगजो, माह्या घरी चूल पेटते म्हना. डबा खोली करून राह्यनाऱ्या पोराइले धाडतात. आत्याच्या घरी कोनी धाडते काय?"
चौघेही हसले.
ही गोष्ट माझ्या ध्यानात आलीच होती. पण मुद्दे पोचवायचे कसे? पोस्टाच्या पत्राला भाकरीची ऊब नसते. डबा चालू ठेवायचा. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१ जुलै
हजेरी घेताना प्रतिमाचे नाव पुकारले. पुढच्या पट्टीवरची एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, प्रतिमा तं गेली न."
मुलांचे लक्ष आहे की नाही ते पाहत होतो. लक्ष आहे.

१९ जुलै
मुद्दे केव्हाच संपले. डबा मात्र थांबवता येत नाही, गैरसमज होईल. बरे झालेले सगळे डब्यात जाते. करपलेले मी खातो, तेही रोज नाही. भूक कमी झाली आहे. वय. सदराही धुऊन धुऊन मोठा झाला आहे.

१० ऑगस्ट
एकाही मुद्द्याला उत्तर नाही. म्हणजे पोर आतून पार मोडली. मोडलेली माणसे लिहीत नाहीत.
निर्णय: परत आणायची. आठवी मी घरीच शिकवीन. शाळेतून नाव काढण्याचा अर्ज मीच लिहिणार. तिने फक्त होकाराची सही करायची. एखादा स्वार्थी बाप असता तर तिला तिथेच कुढत ठेवली असती.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झेंड्याखाली पाऊण तास बोललो. विषय, मुलींचे शिक्षण. "जो बाप स्वतःला करमावे म्हणून लेकीला घरी ठेवतो, तो बाप नव्हे, पहारेकरी आहे," असे म्हणालो. टाळ्या थांबेनात. खाली उतरलो तर वच्छलाबाई पुढे आल्या. "मास्तर, तुमाले पाहून मीबी माह्या सुहासिनीले देऊळगावले धाडतो." त्यांचे अभिनंदन केले.
दुपारी अर्ज लिहिला. सोबत पत्र. उद्याच्या डब्यात, भाकरीखाली.
भाषण आणि अर्ज यांत विरोध नाही. भाषण सर्वसाधारण होते.

१६ ऑगस्ट
डबा गेला. संध्याकाळी परत आला नाही. पोर विचार करत असणार.
तिची ट्रंक ठेवायची जागा झाडून घेतली.

१७ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
डबा आला. हाताला जड लागला. शेषरावने आज घंटी मारली नाही, गाडी उभी ठेवून म्हणाला, "पाह्यता का न्हाई उघडून?" घरी येऊन उघडला.
दोन भाकऱ्या. गोल. वांग्याची भाजी, जवसाची चटणी. खाली तेलकट कागदांची चळत, आणि माझा अर्ज. सही नव्हती. पाठीमागे तिचे अक्षर होते.
"नाना, तुमचा पहिला मुद्दा फाट्यावर ऐकला, बाकीचे नऊ डब्यातून मिळाले. सहावा ठेच्याच्या तेलात गेला. पहिले चार दिवस खरंच जड गेले. आत्याजवळ रडले. पाचव्या दिवशी शाळा आवडली. मग उत्तर काय लिहू ते कळेना. मला बरं वाटतं हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. मी नाव काढणार नाही. मुद्दे परत पाठवते, आता तुम्ही वाचा. अकरावा माझा: सकाळचा चहा एकाचाच ठेवत जा. वच्छलामावशीनं सगळं कळवलं आहे. भाकऱ्या मी केल्या, आत्यानं नुसतं पाहिलं. आता डबा इकडून येईल. महालक्ष्मीच्या सणाला दोन दिवस येते. प्रतिमा."
अक्षर सुधारले आहे. एका शब्दात काना राहिला होता. दुरुस्त केला नाही.
दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी साडेसहा
मुद्दे वाचले. पहिला चुकला आहे. चार दिवस म्हटले होते. आज नऊ आठवडे झाले.
चहा एकाचा ठेवला. बरोबर एक कप झाला.