गुलाबात काय निघालं

आदरणीय इद्रीसमामांस,

फासहून मुनीरचा सलाम. गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेली लिंबं मुरली (म्हणजे मी मुरण्याआधीच संपवली). मी मजेत आहे. गेल्या शुक्रवारी दुपारी चार घटका नव्हतो, त्याचीच ही हकीकत.

नुझाच्या घरी कुसकुसचं आमंत्रण होतं. तिचे वडील हाज तहामी यांनी गच्चीवर गुलाबपाण्याची भट्टी लावली होती. तांब्याचं भांडं खदखदत होतं, नळीतून थेंब पडत होते, सगळी गल्ली घमघमत होती. हाज म्हणाले, "मास्तर, हल्ली पोरांना काय शिकवता?" इथे मी 'पाढे' म्हणालो असतो तर बरं झालं असतं. पण होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायची हौस. म्हटलं, कुहूल, म्हणजे अल्कोहोल. त्यांचा घास थांबला. मी समजावू लागलो, की ते मोठं खानदान आहे. कार्बनच्या अंगाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी लटकली की झाला अल्कोहोल. एक भाऊ दारूतला, एक पोटात गेला तर आंधळं करणारा. पण बाकीची भावंडं सज्जन. ग्लिसरीन त्यातलंच, चहातल्या पुदिन्याचा गारवा त्यातलाच, आणि (मामा, इथे तरी कुणी माझ्या तोंडात घास कोंबायचा) तुमच्या गुलाबाचा वाससुद्धा.

हाज उठले आणि त्यांनी भट्टीखालची आग विझवली. तीन टोपल्या गुलाब तसेच पडले. "तीस वर्षं मी मशिदीत हे पाणी शिंपडतोय," ते म्हणाले, "आणि हा म्हणतो मी दारू गाळतो. असला जावई नको मला." नुझाने माझ्याकडे असं पाहिलं, की भूकच मेली. तिच्याशिवाय माझं कसं होणार, हे मला त्या क्षणी नीट कळलं.

तेवढ्यात तिची आजी, लल्ला रकिया (कानाने अधू), कोपऱ्यातून म्हणाली, "काय निघालं रे गुलाबात?" मी ओरडलो, "कुहूल, आजी, कुहूल!" तिने ऐकलं कुहल. "सुरमा होय! मग डोळ्यांना चांगलाच की. तहामी, आग का विझवलीस? फुलं सुकतायत."

हाजना खरं ठाऊक होतं, मलाही. पण आईला खोटं पाडणारा मुलगा त्या घरात जन्मलेला नाही. त्यांनी मुकाट्याने आग पेटवली. निघताना मला एक बाटली दिली आणि म्हणाले, "पुढचे धडे शाळेतच संपवा."

आपला भाचा,
मुनीर

ता. क. येत्या गुरुवारी साखरेचे सुळके घेऊन रीतसर मागणी घालायला या. वडिलांच्या जागी तुम्हीच आहात.

ता. क. २. गुलाबपाण्याच्या प्रश्नावर हाजना तुमच्यासारख्या धर्मशास्त्र जाणणाऱ्या फकीहचं मत हवंय. 'हरकत नाही' असं तुमचं मत मी त्यांना आधीच कळवलंय. तेवढं जुळवून घ्या.

ता. क. ३. नुझाने आत्ताच पत्र वाचलं आणि पोट धरून हसली. म्हणते, आजीला तिसऱ्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येते. तेव्हा मामा, तिथे आल्यावर आधी आजीच्याच हाताचं चुंबन घ्या.