बक्षिसाचं इंटरनेट

मंगळवार, संध्याकाळ

भांडी चांगली घासतो म्हणून जहाजवाल्यांनी माझ्या खात्यावर बक्षीस टाकलं. जहाजावरच खर्चायचं, उद्यापासून बाद. सोबतचा म्हणाला, अत्तर घे. मी सगळ्याचं इंटरनेट घेतलं. आईचं तोंड बघायचं होतं, दुसरं काय?

आमची मेंढरं सध्या नांदा गावाला, एकाच्या वावरात खतासाठी बसवलीत. आईनं व्हिडिओ कॉल उचलला आन् फोन थेट कळपाकडं फिरवला.

"कोकरू बघ. तुझ्यासारखंच हट्टी हाय."

"आई, तू दिस की."

"मला काय बघायचंय? मेंढरं बघ, पैसं जात्यात."

तिचा नुसता हात दिसत होता. अंगठ्याला चिंधी. कशानं कापलं, विचारलं तर म्हणाली, काय न्हाई. पुन्हा कोकरू. पुन्हा तोच हात.

इंटरनेट संपत आलं तसं तिनं विचारलं, "बघितलंस का पोटभर?"

व्हय म्हणालो. लई हौसेनं दाखवत होती.