खवल्या मांजर आणि घोरपड

बाबा, नववीत सरांनी एकमेकांशी नातं नसलेल्या दोन प्राण्यांचा तक्ता करायला सांगितला होता. वर्ग, राहण्याची जागा, आणि शेवटच्या रकान्यात संख्या टिकून आहे की घटतेय. मी खवल्या मांजर आणि घोरपड निवडली. दोघांचं अंग खरखरीत, दोघं बिळात राहणारी. पण घोरपड सरपटणारी, अंडी घालणारी, आणि खवल्या पिल्लाला दूध पाजणारा. एमआयडीसीतली पाळी संपवून तुम्ही जेवायला बसला होतात. "खवल्या कसला दूध पाजतो?" म्हणून हसलात, आणि खवल्याचं बीळ मला कुठं दिसलं ते विचारलंत. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आपल्या आणि काकाच्या बांधावर, करवंदीच्या जाळीखाली.

रविवारी तुम्ही ते खवल्या मांजर खणून काढलंत. ते अंगाचं वेटोळं करून गप्प पडलंय, तुम्ही कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, हाणताय, खवले उडतायत, आणि ते उलगडत नाही. मी त्याच्यावर पडले. "बाजूला हो, नायतर तुझ्यावर पन पडंल," म्हणालात आणि लाथ घातलीत. शेवटी ते उलगडलं तेव्हा पोटाशी पिल्लू होतं. तेही तुम्ही ठेचलंत. संध्याकाळी त्यातलाच एक खवला काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधलात, नजर लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता पुरा केला. शेवटच्या रकान्यात लिहिलं : आमच्या सोनिवली गावात काल दोन कमी झाली, माझ्या बाबांनी मारली. सरांचा भाऊ वनखात्यात होता. जीप आली. चौथ्या दिवशी तुम्ही सुजलेलं तोंड घेऊन परत आलात. बांधावरून आधीच वाकडं होतं, म्हणून चुगली काकानंच केली असं तुम्ही ठरवलंत. तीच कुऱ्हाड, तोच तुंबा. काका गुडघे पोटाशी घेऊन अंगणात पडलाय, मी दारात उभी आहे, आणि या वेळी मी मध्ये पडत नाही. त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. तुम्ही गेलात तेव्हा त्यानं डावा खांदा दिला.

पोर होते, नकळत लिहून गेले, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे. सरांचा भाऊ काय काम करतो ते मला ठाऊक होतं. बरगडी ठणकत होती आणि तुम्हालाही मार बसावा असं वाटत होतं.

काका अजून आहे, दोन घरं पलीकडे. हे खरं तर त्याला सांगायचं होतं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.