पंखा बंद ठेवून घेतलेली मुलाखत

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबा,

सकाळी मावशी आली आणि आईला चार दिवसांसाठी तिच्याकडे घेऊन गेली. मी दूध तापवलं, पेपर वाचला, जेवलो. आता तीन वाजलेत. उद्या अकरा वाजता कॉलेजच्या एडिटिंग रूममध्ये माझी वेळ आहे. संध्याकाळपर्यंत तुमच्या मुलाखतीची टेप जमा करायची. तीच टेप पुढच्या बॅचला देतात, त्यांनी शूटिंग केलं की जुनं पुसलं जातं.

मला भीती वाटतेय, बाबा. घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी मास मीडियाला ॲडमिशन घेतली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "म्हणजे तीन वर्षं टीव्ही बघायचा आणि वर डिग्री? मग माझी डिग्री कुठाय?" टीव्हीच्या इतिहासावर प्रोजेक्ट मिळाला, घरातल्या मोठ्या माणसाला त्याने पाहिलेल्या पहिल्या टीव्हीबद्दल विचारायचं होतं, तेव्हा मात्र तुम्ही सकाळीच दाढी करून तयार! समोरच्या मीनाबेन दारातून म्हणाल्या, "अंकल, आज शूटिंग है क्या?" तुम्ही म्हणालात, "हां बहन, साठ साल में पहला चान्स मिला है. ऑटोग्राफ अभी ले लो."

मी तुम्हाला खुर्चीत बसवलं. खाली रिक्षांचे हॉर्न आणि शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू होतं, म्हणून खिडक्या लावल्या. मग पंखा बंद केला. पंख्याची घरघर माईकमध्ये येते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय. ऑक्टोबरची दुपार होती, बाबा. त्या खोलीत मी तुम्हाला तास-दीड तास बसवून ठेवलं.

तुम्ही किती छान बोललात! लालबागच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता, तुम्ही नुकते नोकरीला लागला होतात. रविवारी सिनेमा लागला की सगळे खोलीत, आणि अँटेना धरायला तुम्ही गच्चीवर. "खालून ओरडायचे, आला, आला! मी हात सोडला की, गेला! निम्मे सिनेमे मी गच्चीवरून ऐकलेत." हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पण हेडफोनमध्ये मला अजून काहीतरी ऐकू येत होतं. तुमचा श्वास. वाक्य संपलं की धाप लागल्यासारखा. मी काय केलं? मी माईक थोडा खाली सरकवला. "बाबा, श्वास येतोय आवाजात. जरा हळू घ्या," असं म्हणालो. तुम्ही हसलात. "श्वास पण सरांना विचारून घेऊ का?"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अरे पंखा लाव रे! घामाघूम झालेत ते!"

मी म्हणालो, "आई, मध्ये बोलू नकोस, रेकॉर्ड होतंय. पाचच मिनिटं." त्यानंतर अर्धा तास तरी गेला.

एकोणीस दिवसांनी तुम्ही गेलात. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, आधी काही त्रास होत होता का? आई म्हणाली, "नाही हो, कधी काही बोललेच नाहीत." मी तिथेच उभा होतो. मी ऐकलेली धाप त्यांना सांगितली नाही. पंख्याचं विचारायचं मनात आलं, पण ते हो म्हणाले असते तर?

तुम्ही तरी का नाही बोललात, बाबा? एकदा म्हणायचं होतं, पुरे कर. माझे मार्क काय एवढे महत्त्वाचे होते?

गुरुवारी एडिटिंग रूमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. टेप लावायची हिंमतच होईना. माझ्या वर्गातला समीर म्हणाला, "तू बाहेर चहा पी, मी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो. मध्ये काकू बोलल्यात म्हणालास ना, ते पण काढून टाकतो. सर नाहीतर ओरडतील." मी त्याला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

ती टेप लावली तर तुमची धाप ऐकावी लागणार. नाही लावली तर तुमचा आवाज कायमचा जाणार. तुमचं बोलणं दुसरं कुठेच नाही. आणि परवा आई म्हणाली, "त्यात ते बोलतायत ना रे? मला एकदा ऐकव." ती स्वतःचा आवाज ऐकेल, बाबा. पंखा लाव म्हणालेला. आणि माझं उत्तरही. मग ती माझ्याकडे कशी बघेल?

समीरने कापलं तर तिला कधीच कळणार नाही. तीन दिवस मी हाच विचार करतोय. याचीच मला जास्त भीती वाटते.

उद्या मी एकटा बसेन. समीरला बाहेर थांबायला सांगेन. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकेन. सरांसाठी कापायचं ते कापेन, पण सगळीच्या सगळी मुलाखत, तुमच्या श्वासासकट आणि आईच्या हाकेसकट, सीडीवर वेगळी काढून ठेवेन. आई परत आली की आधी तिला मी काय ऐकलं होतं आणि काय केलं ते सांगेन. मग ती म्हणेल तेव्हा ऐकवेन. शब्द देतो.

गॅलरीतले कपडे वाळलेत. उठून घड्या घालतो.

तुमचा,
दिनेश