भिंतीवरून आलेला फवारा

बुधवार, ४ सप्टेंबर २०१९

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. घड्याळ पाहून लिहिते आहे. मडिकेरीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडीन सांगायच्या — आधी तारीख, मग वेळ, मग साक्षीदार, आणि राग सगळ्यांत शेवटी. राग शेवटी ठेवणं मला जन्मात जमलं नाही. वेळ तेवढी लिहिली.

तर ६.५०ला शेजारच्या शिवनंजप्पांनी आपल्या हिरवळीवर बुरशीचं औषध मारायला लावलं. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे. मी व्हरांड्यात कॉफी घेत बसलेली. भिंतीवरून निळसर धुकं आलं — कढीपत्त्यावर उतरलं, दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर उतरलं, माझ्या कॉफीत उतरलं!

"अहो शिवनंजप्पा, वारा दिसत नाही का?"

"वारा कसा दिसेल, मॅडम? सुटल्यावर कळतो." आणि वर, "थांब रे मादय्या, वारा सुटलाय, बंद कर."

आता बंद कर! चादर निळी झाल्यावर! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. पाणी खाली वाहतं एवढं शिकण्यात पस्तीस वर्षं गेली, वारा आडवा वाहतो हे शिकायचं राहिलं.

पंप मादय्याच्या पाठीवर. दोन्ही घरचा माळी तोच. साडेआठपर्यंत त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. त्याला काय नटवलं होतं! रेनकोट, गमबूट, कोपरापर्यंत रबरी मोजे, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर शिवनंजप्पांच्या नातवाचा पोहायचा चष्मा. साठीचा माणूस, बेडूक करून ठेवला.

"आत उकडून निघालो, अम्मा," मला म्हणाला, "पण सर म्हणतात, पुडक्यावर लिहिलंय."

शिवनंजप्पा औषधाचं पुडकं वाचतात. लग्नपत्रिका वाचावी तसं, मानकऱ्यांच्या नावांसकट.

अकरा वाजता मादय्या माझ्या पेरूखाली बसला आणि ओकला. दोनदा. "तोंडात नाणं धरल्यासारखी चव आलीय, अम्मा." मी रिक्षा बोलावून घरी पाठवलं.

६.५०ला त्यांची फवारणी, अकराला ओकारी. आणखी काय पुरावा हवा? चादर एक वेळ सोडून देईन. मादय्या नाही. बावीस वर्षं तो माझ्याकडे आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मादय्या आला नाही. तक्रारीचा मसुदा केला.

रेल्वेच्या कचेरीत तेहतीस वर्षं माझ्या टेबलावरून पत्रं गेली. समोरचा उलट काय म्हणेल ते आधी लिहून ठेवावं, ही सवय. हे महाशय नक्की म्हणतील, मादय्याने त्या दिवशी तुमच्याकडेही फवारलं. फवारलं! नऊ वाजता, गुलाब आणि हिरवळ. लपवायचं काय आहे त्यात? दसऱ्याच्या बागस्पर्धेचे परीक्षक वीस तारखेला येणार आणि माझ्या हिरवळीवर तांदळाच्या अक्की-रोटीएवढे तपकिरी डाग. दोन वर्षं दुसरा नंबर घेतलाय मी. पहिला कोणाचा ते लिहीत नाही. तो भिंतीपलीकडे आहे.

पण माझ्याकडचं काम कसं असतं! पूड फुलसंघाची. आम्ही बायकांनी मिळून एक किलोचं पुडकं आणलं आणि वाटून घेतलं. माझा वाटा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट. पूड मी स्वतः कालवते, माळ्यावर सोडत नाही. घरातलं एकही भांडं त्याला लागू देत नाही, चमचासुद्धा मोडका. नळाजवळच्या बाहेरच्या पेल्यात थोड्या पाण्यात पूड कालवायची, बादलीत ओतायची, पेला नळाखाली खळकन विसळायचा. संपलं. परीक्षक येणार म्हणून दोन चमचे जास्त घातली, एवढंच.

मादय्या म्हणाला होता, "अम्मा, मोजे सरांकडे राहिले, आणू का?"

म्हटलं, "गुलाबाला औषध मारतोयस, ऑपरेशन करत नाहीयेस."

मसुदा तीन पानी झाला. एक पान रागाचं होतं, ते काढलं. मग परत घातलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

मादय्या आला. गाल बसलेत. मी म्हटलं, आज खुरपं हातात धरू नकोस, नुसता बस. बसेल तर शपथ! हिरवळीवर उकिडवा होऊन डाग बोटाने चाचपत होता.

"अम्मा, रागावू नका. तुम्ही संध्याकाळी पाणी घालता ना, गवत रात्रभर ओलं राहतं. बुरशीला तेच हवं असतं. सकाळी घाला. आणि खत जरा कमी."

"हे कोण म्हणालं? शिवनंजप्पा?"

"माझा बाप म्हणायचा. राजवाड्याच्या बागेत होता."

तरी पाणी संध्याकाळीच घातलं. भिंतीपलीकडे सकाळी घालतात.

दहाला त्याला कॉफी दिली. माझ्या भावाच्या मळ्यातली, घरी भाजलेली. प्यायला आणि डोळे मिटून म्हणाला, "या कॉफीसाठी तर येतो, अम्मा." दिवसभर काही झालं नाही त्याला. म्हणजे बघा — शेजारचा पंप बंद, तर माणूस ठणठणीत!

सोमवार, ९ सप्टेंबर

तक्रार स्वतः नेऊन दिली. पोच मागितली.

शिवनंजप्पांनी दारातच वाचली. वाचताना ओठ हलतात त्यांचे. त्यांच्या पत्नी सर्वमंगळाबाई आतून म्हणाल्या, "अहो, त्यांना बसायला तरी सांगा." मी उभीच राहिले. तक्रार बसून देत नाहीत.

"मॅडम, 'निष्काळजी' दोनदा आलंय."

"दोनदा केलंत म्हणून."

"वाऱ्याचं खरं आहे. चादर धुऊन देतो. पण मादय्याचं... माझ्याकडे तर त्याने सगळं घातलं होतं."

"लेखी, शिवनंजप्पा. सोमवार, १६ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी मी ऐकत नाही."

'श्रीमती चोंदम्मा यांची तक्रार मिळाली' अशी पोच दिली. वर वेळसुद्धा घातली. बाकी काही म्हणा, कागद कसा करावा ते माहीत आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

चादर धुऊन, इस्त्री करून परत आली. डाग गेला. मला राग आला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

वेळा आधी लिहिते.

आठ दिवसांनी दुसरा हात मारायचा असतो. पावणेनऊला पूड कालवली, या वेळी तीन चमचे जास्त, कारण डाग वाढलेत आणि कडेचं गवत पिवळं पडतंय. मादय्याने मारली. दहाला कॉफी. साडेदहाला पेरूच्या बुंध्याला धरून उभा. मग खाली. पोटात पिळवटतंय म्हणून ओरडला. मादय्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

माझा आवाज ऐकून शिवनंजप्पा भिंतीपाशी आले. मग लुंगीवरच गाडी काढली. मागच्या सीटवर मादय्याचं डोकं माझ्या मांडीवर. आठवडाभर ज्याला निष्काळजी म्हटलं तो लाल दिव्याला थांबून "सुटतोय, सुटतोय आता" असं मादय्याला सांगत होता.

दवाखान्यात डॉक्टरीण. माझ्या नातीच्या वयाची.

"कोणतं औषध मारलं?"

"बुरशीचं."

"नाव?"

मी बरणी पुढे केली. तिने फिरवून पाहिली. "यावर आंब्याचं लोणचं लिहिलंय."

फुलसंघाचं पुडकं कोणाकडे गेलं कोण जाणे. नाव आम्ही कोणीच लिहून घेतलं नव्हतं. बत्तीस बायका, सगळ्या शिकलेल्या! तेवढ्यात शिवनंजप्पांनी गाडीतून आपलं पुडकं आणलं. पूड तशीच, रंग तोच. तांब्याचं औषध, पोटात गेलं तर काय करावं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. डॉक्टरणीने ते वाचलं. मानकऱ्यांच्या नावांसकट.

"पोटात गेलंय," ती म्हणाली. "नुसत्या वासाने असं होत नाही. काय खाल्लं सकाळपासून?"

मादय्या कसाबसा म्हणाला, "काही नाही. अम्मांची कॉफी."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! भावाच्या मळ्यातली कॉफी आहे ती!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मादय्याला सलाईन. बोलतो आहे. डॉक्टरीण म्हणाली, सुटेल, पण कुठून पोटात जातंय ते शोधा. तिसऱ्यांदा झालं तर यकृताचं सांगता येणार नाही.

त्याची बायको होन्नम्मा खाटेशी बसलेली. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, शेजाऱ्यांना मी सोडणार नाही."

"अम्मा," ती म्हणाली, "काल तर सरांकडे फवारणी नव्हती."

अंगात भिनलेलं असतं, उशिरा वर येतं, असं मी तिला समजावलं. तिने मान हलवली. माणसं मोठ्यांसमोर हलवतात, तशी.

शनिवार, १४ सप्टेंबर

शिवनंजप्पांचं उत्तर आलं. मुदतीच्या दोन दिवस आधी! टाइप केलेलं, कलमवार. चिडावं तरी कुठे?

वाऱ्याबद्दल लेखी माफी. पुढे वारा पडल्यावरच, आणि आदल्या दिवशी मला चिठ्ठी देऊन. मग मादय्याचं. पूड त्यांनी पुडक्यावरच्या मापाने घेतली. मापाचं भांडं वेगळं, त्यावर लाल रंगाने कवटी काढलेली, ठेवायची जागा मोटारीच्या शेडमध्ये, कुलपात. (कवटी त्यांनी स्वतः काढली आहे. फोटो जोडलाय. कवटी हसते आहे.) फवारणीनंतर मादय्याने साबणाने हातपाय धुतले, सदरा बदलला, मग स्वयंपाकघरात टेबलाशी बसून सर्वमंगळाबाईंबरोबर कॉफी घेतली. "आमच्याच कपात," असं लिहिलंय. हे लिहायची काय गरज होती?

शेवटी: "मॅडम, हे आरोप म्हणून नाही, मादय्याला पुन्हा होऊ नये म्हणून विचारतो. आपण पूड कशात कालवता? आणि ते भांडं मग कुठे असतं?"

हे विचारणारे हे कोण? बागस्पर्धेचे परीक्षक? मला माझ्या नळावर काय असतं ते हे विचारणार! जळजळीत उत्तर लिहायला घेतलं. 'आपल्या प्रश्न क्रमांक नऊबाबत' इथपर्यंत आले. भांड्याचं नेमकं वर्णन हवं, किती घोट मावतात वगैरे. उद्या उजेडात बघून लिहीन.

रविवार, १५ सप्टेंबर, सकाळी दहा

नळाजवळच्या कट्ट्यावर पेला उपडा होता. बावीस वर्षं तिथेच असतो. उचलला. तळाला निळसर-हिरवी कड. नखाने खरवडली, निघाली.

मादय्याचा पेला. दहाची कॉफी मी याच्यातच वरून ओतते. असलं काही मानत नाही मी, कॉन्व्हेंटची मुलगी. त्याचे हात मातीचे असतात, सोयीचं पडतं, एवढंच. आत नेत नाही म्हणून तो 'बाहेरचा'. आणि बाहेरचा म्हणून विष कालवायला तोच.

श्रीमती चोंदम्मा यांस—

विष कालवायला हा पेला का, याचं उत्तर आलं. मादय्याला हा पेला का, याचं बावीस वर्षं आलेलं नाही. ते लेखी हवं. एक प्रत डॉक्टरणीला, एक शिवनंजप्पांना. मूळ मादय्याला, होन्नम्मासमोर, स्वतः वाचून दाखवायची.

मुदत तीच. सोमवार, १६ सप्टेंबर, संध्याकाळी पाच.