एकशे तेरावं मरण

हॉलीवूड,
१९ मे १९३८

प्रिय गुडरूनताईस,

धाकट्या थोरवाल्डचा वाकून नमस्कार. ईस्टरला तू पाठवलेलं पत्र आणि लेफसेच्या पोळ्यांचं पुडकं, दोन्ही पोचलं. (मिनेसोटाहून इथवर येईपर्यंत लेफसेचं चामडं झालं होतं, पण तव्यावर गरम करून, लोणी फासून मी त्या तीन दिवस पुरवून खाल्ल्या. एक घरमालकीण रेफ्युजिओबाईंना दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्यातसुद्धा अशी करतात, पण आम्ही ती त्याच दिवशी खातो.") एनारदाजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, डेअरीचे कॅन उचलायचं वय गेलं, आता दुसऱ्यांनी उचललेले मोजा.

माझी तब्येत ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण तू गेल्या पत्रात विचारलंयस की मागच्या सिनेमात मी फार खोकत होतो, डॉक्टरला दाखवलं का. ताई, तो खोकला क्षयाचा होता आणि क्षय त्या गोष्टीतल्या शाळामास्तरांना झाला होता. ते वारले. मी त्याच संध्याकाळी दोन प्लेट बीन्स खाल्ल्या.

तू असंही लिहिलंयस की चर्चमधल्या बायका विचारतात, तुमचा भाऊ अठरा वर्षं सिनेमात आहे तर तो शेवटपर्यंत दिसत का नाही. रागावू नकोस, पण हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. मी इथे आलो तो नायक व्हायला. पहिलंच काम मिळालं ते किल्ल्याच्या लढाईचं. आम्ही चाळीस जण तटावर उभे. दिग्दर्शक खालून भोंग्यातून ओरडला, "उंचीची भीती कुणाला नाही?" सगळे गप्प. मी सँडविच चावत होतो, प्रश्न ऐकलाच नव्हता, आणि घास गिळायला नेमकी मान हलवली. दहा मिनिटांनी छातीत बाण खुपसून मी खाली गवताच्या गंजीवर पडलो. पडता पडता टोपी उडू लागली म्हणून ती हातानं सावरली. (आईनं घेतलेली टोपी होती, ती कशी जाऊ देऊ?) त्या टोपीनं माझं नशीब ठरवलं. मरता मरता टोपी सांभाळणारा शिपाई बघून थिएटरात माणसं रडली म्हणे. दुसऱ्या आठवड्यात तिघांनी मला मरायला बोलावलं. नावसुद्धा बदललं. थोरवाल्ड एस्पेसेथ कुणाला उच्चारता येईना, म्हणून 'व्हिक्टर थॉर्न' केलं. व्हिक्टर म्हणजे जिंकणारा!

तेव्हापासून मी एकशे बारा वेळा मेलोय. गोळीनं, तापानं, पुरात, खाणीत, आणि एकदा तर सासूनं पाठवलेल्या केकमुळे. बोलपट आले तेव्हा आवाजापायी मोठमोठ्या नटांच्या पोटावर पाय आला; माझं उलट भलं झालं. आपल्या नॉर्विक गावच्या हेल काढून बोलण्याला एरवी इथे हसतात, पण मरणारा माणूस पुटपुटतो, आणि पुटपुटण्यात हेल कळत नाही. रोज सकाळी मी जिन्यावरून उतरलो की रेफ्युजिओबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "आज कशानं?" मी म्हणतो, "बुडून." "मग उशीर होणार. कपडे वाळायला नकोत? सूप झाकून ठेवते." असा आमचा संसार, म्हणजे त्यांचा संसार आणि माझं भाडं, मजेत चालला होता.

आता मूळ गोष्टीवर येतो. मार्च महिन्यात आमचे दिग्दर्शक बार्तोश (हे हंगेरीचे, हसले तरी रडल्यासारखे दिसतात) मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्हिक्टर, नायकाच्या बापाचं काम आहे. खेड्यातला डॉक्टर. पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत."

मी विचारलं, "शेवटच्या रिळात कशानं?"

"कशानंच नाही. शेवटी ओसरीवर बसतो."

ताई, मी घरी येऊन पलंगावर बसलो आणि एकटाच हसत सुटलो. खरंच, कॅमेऱ्यासमोर नव्हे. बेचाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी जगायला सांगितलं होतं. रेफ्युजिओबाईंनी त्या दिवशी कोंबडी केली.

पण जगणं मला येईना! मरताना हातांचं काय करायचं हे मला झोपेतही सांगता येईल. जगताना माणसं हातांचं काय करतात? पहिल्याच दिवशी जेवणाचा प्रसंग होता. मुलगा म्हणतो, मी शहरात जातो. बापानं फक्त बटाटे खात ऐकायचं. मी घास घेतला आणि छाती धरली. बार्तोश म्हणाले, "छाती का धरलीस?" म्हटलं, "सवय." दुसऱ्या खेपेला छाती सोडली तर मान एका अंगाला कलली. तिसऱ्या खेपेला नायिका आपणहून उठून मला सावरायला आली, बिचारी. नऊ टेक झाले आणि बटाटे संपले. पुढे स्टेशनचा प्रसंग. मी मुलाला निरोप देत उभा, आणि नेमका वरचा एक दिवा फाट्कन फुटला. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो (म्हणजे शुद्धीवर होतोच, पण लक्षात आलं) तेव्हा मी फलाटावर पडलेलो, एक हात मुलाकडे पसरलेला, आणि सुतार, दिवेवाले, शिंपी सगळे टाळ्या वाजवत होते. फक्त बार्तोश डोकं धरून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "इतकं सुंदर मेलास की मला तुला मारावंसं वाटतंय." शेवटचा ओसरीचा प्रसंग त्यांनी दोन आठवडे पुढे ढकलला. तोवर शीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो, म्हणाले.

शिकायचं कुणाकडे? रेफ्युजिओबाई म्हणाल्या, "आमच्या बाबांजवळ जाऊन बसा. ते एक्क्याऐंशी वर्षं तेच करताहेत." त्यांचे वडील युसेबिओबाबा मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. ऊन सरकलं की खुर्ची सरकवतात. मीही एक खुर्ची घेऊन शेजारी बसलो. तासभर गेला. मग संत्रं सोलता सोलता म्हणाले, "तुम्ही फार घाईत बसता."

मी म्हटलं, "बाबा, मी तर हललोसुद्धा नाही."

"तेच. कुणीतरी येऊन उठवणार आहे असे बसलाय. कोण येणार आहे?"

मी विचार केला आणि म्हटलं, "कुणी नाही."

"मग बसा की," म्हणाले, आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. हातांचं काय करायचं हा प्रश्न तिथे सुटला, ताई. हात संत्रं धरतात. दोन रविवार मी तिथे बसलो. अठरा वर्षांत इथली संध्याकाळ मी पाहिलीच नव्हती. त्या वेळेला मी बहुतेक कुठेतरी शेवटचे आचके देत असायचो. आणि एक सांगतो, हसू नकोस. तिथे बसल्या बसल्या मला आपल्या तळ्याकाठी जाळं विणत बसणारे आपले वडील आठवले, आणि लक्षात आलं की त्यांच्याजवळ मी असा कधीच बसलो नाही. नेहमी कुठेतरी निघालेलाच असायचो.

ओसरीचा प्रसंग एका टेकमध्ये झाला. मी काही केलं नाही, नुसता बसलो. बार्तोश बराच वेळ "कट" म्हणायचेच विसरले. मग नाक शिंकरून म्हणाले, "जेवायला जा सगळे."

इथे पत्र संपायला हवं होतं, पण पॅसाडीनाच्या एका थिएटरात सिनेमा आधी दाखवून बघितला. प्रेक्षकांना मत लिहायला कार्डं देतात. दोनशे कार्डं आली. नायिका आवडली, घोडा आवडला, आणि एकशे चाळीस जणांनी लिहिलं होतं, 'म्हातारा मरतो कधी?' माझा चेहरा पडद्यावर आला की लोक रुमालच काढतात ना! दोन तास रुमाल हातात धरून बसले बिचारे, आणि मी ओसरीवर मजेत. दिवे लागल्यावरसुद्धा काही बायका उठेनात. त्यांना वाटलं, अजून एक रीळ असेल.

सोमवारी स्टुडिओचे मालक हॉलिस्टरसाहेब यांनी बोलावलं. भला माणूस आहे, नेहमी खिशातला पेपरमिंट देतो. म्हणाला, "व्हिक्टर, उद्या सकाळी ये आणि ओसरीवर मरून जा. अर्ध्या तासाचं काम."

ताई, मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं तुला ठाऊक आहे? एनारदाजींनी तुला मागणी घातली तेव्हाही मला तो माणूस आवडला नव्हता, पण बोललो नाही. (आता आवडतात.) त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "नाही, साहेब. हा माणूस मरत नाही. मी त्याच्याबरोबर बसलोय."

साहेबांनी पेपरमिंट परत खिशात ठेवला. "पाठमोरा दुसरा माणूस बसवून मान टाकायला लावीन."

"लावा. पण ती मान माझी नसेल."

 शेवटी बार्तोश मध्ये पडले आणि असं ठरलं की सिनेमा आहे तसाच आधी दहा लहान गावांत दाखवायचा. लोकांची पत्रं काय येतात ते बघायचं. म्हातारा जगलेला लोकांना चालला, तर तो जगला आणि माझं कंत्राटही जगलं. नाही चालला, तर दोघंही त्याच ओसरीवर. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. मी रोज संध्याकाळी लिंबाखाली बसतो. युसेबिओबाबांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकांना काय, मी जगतोय तेही माझ्या गावाकडच्या सुनेला चालत नाही." असो. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुझ्या गायीला एक थाप.

तुझा भाऊ,
थोरवाल्ड

ता. क. — त्या दहा गावांत आपलं नॉर्विक आहे. जून चार, शनिवार, तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये. सहज कळवलं.

ता. क. २ — सहज नव्हे. निदान चाळीस पत्रं हवीत, ताई. वेगवेगळ्या अक्षरात, आणि सगळी एकाच निळ्या शाईत नकोत. 'डॉक्टर वाचले हे पाहून बरं वाटलं' एवढं पुरे. पास्टर टोलेफ्सरूड यांना एकच कागद दे, नाहीतर ते बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरुवात करतील. मी तुझा भाऊ आहे हे कुणी लिहू नये. ही लबाडी नाही. आधी सिनेमा बघा, आणि खरंच बरं वाटलं तरच लिहा. पण बरं वाटू दे.

ता. क. ३ — पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात खालून रेफ्युजिओबाईंनी फोनसाठी हाक मारली. दुसऱ्या एका स्टुडिओला गुरुवारी एक माणूस हवा आहे, साप चावून मरणारा. मी हो म्हटलं. भाडं कुणालाच चुकलेलं नाही. अकरा वाजता साप चावेल, काळजी करू नकोस, बाराला जेवणाची सुट्टी आहे. पण फोन ठेवण्याआधी मी दिग्दर्शकांना विचारलं, हा माणूस वाचला तर गोष्टीचं फार बिघडेल का?  ते म्हणाले, "थांबा, बघून सांगतो." आणि ताई, ते खरंच कागद चाळत होते, मला ऐकू येत होतं.